पन्नास लाखांचे शेअर आणि महिन्याला चौदा हजारांची तूट : एक प्रकरण अभ्यास

गुंतवणूक सल्लागार म्हणून काम करताना हाताळलेलं हे प्रकरण आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गाव, वयं आणि काही तपशील बदलले आहेत, रकमा गोल केल्या आहेत. कंपन्यांच्या ज्या घडामोडी सार्वजनिक आहेत त्या तारखांसह जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

काकू ६७ वर्षांच्या, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. काका राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी होते आणि सप्टेंबर २०२३ मध्ये गेले. मुलगा पुण्यात आयटीत, मुलगी अमेरिकेत. मृत्युपत्र नव्हतं. माझ्याकडे फाइल आली ती ऑगस्ट २०२४ मध्ये, म्हणजे जवळपास वर्षाने. वर्षश्राद्ध होईपर्यंत कुणी विषय काढायचा नाही, असं घरात न बोलता ठरलं होतं. हे बहुतेक घरांत होतं.

काका जुन्या वळणाचे गुंतवणूकदार. घेतलेला शेअर सहसा विकायचा नाही, हा त्यांचा खाक्या. डीमॅट (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवण्याचं) खातं जोडनावाने होतं, पहिलं नाव काकांचं, दुसरं काकूंचं. त्यातला ऐवज साधारण ५० लाखांचा होता. एचडीएफसी बँकेचे २,००० शेअर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे ३३ लाख. आयटीसीचे १,५०० शेअर, साडेसात लाखांचे. उरलेल्या साडेनऊ लाखांत वीस-बावीस कंपन्या, कुणाचे पन्नास तर कुणाचे दोनशे शेअर.

एचडीएफसी बँकेचा एवढा मोठा ढीग काकांनी ठरवून केलेला नव्हता. बँकेचे त्यांनी थेट घेतलेले शेअर ३२० च. बाकीचे मूळ गृहकर्ज देणाऱ्या एचडीएफसीचे, १,००० शेअर. १ जुलै २०२३ ला ती कंपनी बँकेत विलीन झाली आणि दर २५ शेअरमागे बँकेचे ४२ मिळाले, म्हणून १,००० चे १,६८० झाले. दोन वेगळ्या कंपन्यांत असलेला पैसा असा एका रात्रीत एकाच नावाखाली आला.

याशिवाय कपाटाच्या लॉकरमध्ये एलआयसीच्या पाकिटात पाच कंपन्यांची कागदी शेअर सर्टिफिकेटं निघाली, सगळी एकट्या काकांच्या नावावर आणि नॉमिनेशन कशालाच नाही.

आणि एक वही होती. लांबट, लेजरसारखी. तारीख, कंपनी, संख्या, भाव, दलाली असे रकाने आखलेले आणि १९९४ पासूनच्या नोंदी एकाच निळ्या शाईत. या प्रकरणात पुढे जे काही धड झालं त्यातलं निम्मं या वहीमुळे झालं.

अडचण

काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन महिन्याला २२ हजार. घरखर्च, औषधं, कामवाली, देणीघेणी मिळून ४८ हजार. तूट २६ हजारांची, म्हणजे वर्षाला तीन लाख बारा हजार. दहा लाखांच्या मुदत ठेवींचं व्याज वर्षाला ७० हजार. शेअर्सच्या लाभांशाचा हिशेब केला तर तोही ७० हजारांच्या आसपास. एचडीएफसी बँकेने २०२३-२४ साठी शेअरमागे १९.५० रुपये दिले होते, आयटीसीने १३.७५. पन्नास लाखांवर ७० हजार, म्हणजे दीड टक्काही नाही. हे सगळं धरून वर्षाला १ लाख ७२ हजार, महिन्याला चौदा हजारांहून थोडे जास्त कमी पडत होते.

ती तूट मुलगा दरमहा पंधरा हजार पाठवून भरून काढत होता. त्याची तक्रार नव्हती. काकूंची होती. “नावावर एवढं असताना पोराकडून भाजीचे पैसे घ्यायचे?” पहिल्या भेटीत त्या एवढंच बोलल्या आणि माझ्या मते मूळ प्रश्न तोच होता.

घरातली मतं तीन दिशांना होती. मुलीचं म्हणणं, सगळं विका आणि ठेवीत टाका, आईला या वयात शेअरचं टेन्शन नको. मुलाचं म्हणणं, एचडीएफसी बँक कशाला विकायची, उलट किरकोळ शेअर काढून चांगल्या मिडकॅपमध्ये, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांत, घालू. काकूंचं म्हणणं, ह्यांनी घेतलेलं काही विकायचं नाही. तिघंही “कोणता शेअर ठेवायचा” यावर बोलत होती. ते शेअर आज कायद्याने कुणाच्या हातात आहेत आणि पैसे नेमके कधी नि किती लागणार आहेत, हे कुणी विचारलं नव्हतं.

निर्णय पहिला : ओटीपी थांबवायचा

पहिल्याच बैठकीत एक गोष्ट सहज बोलता बोलता बाहेर आली. काका गेल्यावर दोन महिन्यांनी मुलाने त्यांच्याच लॉगिनने १ लाख ८० हजारांचे शेअर विकले होते. काकांचा मोबाइल चालू होता, ओटीपी येत होता, पैसे जोडखात्यात जमा झाले. हॉस्पिटलचं बिल भागवायचं होतं. हेतू स्वच्छ होता, पण व्यवहार चुकीचा. खातेदाराच्या मृत्यूबरोबर त्याने दिलेले सगळे अधिकार संपतात, ब्रोकरला दिलेली संमतीही. उद्या बहीण-भावात बिनसलं तर हाच व्यवहार आधी वर येतो.

यावर मला पर्याय दिसत नव्हते, त्यामुळे चर्चाही फार झाली नाही. त्याच आठवड्यात ब्रोकरला मृत्यूचा दाखला दिला, खातं गोठलं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने जानेवारी २०२४ पासून अशी सोय केली आहे की एका मध्यस्थाकडे मृत्यू कळवला की केवायसी नोंदणी संस्थेमार्फत ती माहिती इतरांकडेही जाते. आधी विकलेल्या शेअर्सचा नफा काकूंच्या विवरणपत्रात दाखवला आणि त्या रकमेचा विनियोग काय झाला याची एक साधी नोंद दोन्ही मुलांच्या सह्यांनी ठेवली.

जोडनावाचं डीमॅट त्यामानाने सोपं असतं, पण लोक समजतात तेवढंही नाही. काकांचं नाव नुसतं कमी होत नाही. काकूंच्या एकटीच्या नावे नवं डीमॅट उघडावं लागतं, जुन्यातले शेअर तिकडे वर्ग होतात आणि जुनं खातं बंद होतं. नव्या खात्यात दोन्ही मुलांना निम्मं-निम्मं नॉमिनेशन त्याच दिवशी भरून घेतलं. नॉमिनेशन म्हणजे मालकी नव्हे, हे डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शेअर्सच्याच एका खटल्यात पुन्हा स्पष्ट केलं आहे. नॉमिनी शेअर ताब्यात घेतो, हक्क वारसा कायद्याने ठरतो. म्हणून मी काकूंना मृत्युपत्राचंही सुचवलं. ते त्यांनी दिवाळीनंतर केलं.

निर्णय दुसरा : किती विकायचं

खातं वर्ग झाल्यावर खरा प्रश्न आला. आमच्यासमोर चार वाटा होत्या.

काहीच न विकणं. तूट मुलगा भरत राहील आणि शेअर वाढत राहतील. पैशाच्या दृष्टीने ही वाट वाईट नाही, मुलाला पंधरा हजार जड नव्हते. पण काकूंच्या पहिल्या वाक्याला हिच्यात उत्तर नव्हतं. शिवाय कुटुंबाची निम्मी जमापुंजी एकाच बँकेच्या शेअरमध्ये राहत होती. बँक चांगली की वाईट, हा मुद्दाच नाही. काकांच्या याच वहीत येस बँकही होती, २०१८ च्या अखेरीस २२० च्या भावाने घेतलेली. त्या वेळी तिलाही चांगली म्हणणारे कमी नव्हते.

सगळं विकणं. मुलीला वाटत होतं कराचा डोंगर उभा राहील, म्हणून ती स्वतःच बिचकत होती. हिशेब केल्यावर डोंगर लहान निघाला. इथे वहीचा उपयोग झाला. वारसाने आलेल्या शेअरची खरेदी किंमत आणि धारण-काळ, दोन्ही मूळ मालकाचे धरतात. आणि ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअरला त्या दिवशीचा बाजारातला सर्वांत वरचा भाव खरेदी किंमत म्हणून घेता येतो, फक्त ती किंमत विक्रीच्या भावापेक्षा जास्त धरता येत नाही. जुन्या एचडीएफसीचा त्या दिवशीचा भाव विलीनीकरणाच्या प्रमाणात वाटून सीएने बँकेच्या २,००० शेअरची सरासरी मान्य किंमत सुमारे १,१३० काढली. १,६५० ला सगळे विकले असते तर नफा १० लाख ४० हजार. त्यातून दीर्घ मुदतीच्या (वर्षाहून जास्त धरलेल्या शेअरच्या) नफ्याला मिळणारी सव्वा लाखाची सूट वजा करून १२.५ टक्के, म्हणजे १ लाख १४ हजार कर. तेहतीस लाखांवर साडेतीन टक्के. कर हे न विकण्याचं कारण असूच शकत नव्हतं. नकाराचं कारण दुसरं होतं. काकूंच्या आई ९१ व्या वर्षी गेल्या. पंचवीस वर्षं पुरवायचा पैसा सगळाच्या सगळा व्याजावर ठेवला तर महागाई तो हळूहळू खाऊन टाकते.

मुलाची मिडकॅपची वाट. ती मी दहा मिनिटांत बाजूला ठेवली. त्याच्या स्वतःच्या पैशाला ती शोभते.

चौथी वाट म्हणजे तूट जेवढी, तेवढ्याच निश्चित उत्पन्नाची सोय करायची आणि बाकी शेअर राहू द्यायचे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर ८.२ टक्के होता, कमाल मर्यादा ३० लाख, व्याज दर तिमाहीला खात्यात. काकूंच्या गरजेला ती अगदी मापात बसत होती. ठरलं असं : ठेवींपैकी सात लाख मुदत संपेल तसे तिकडे वळवायचे, तीन लाख अडीअडचणीला ठेवायचे, किरकोळ शेअर्समधून पाच लाख आणि एचडीएफसी बँकेतून तेरा लाख काढायचे. मिळून पंचवीस लाख, म्हणजे वर्षाला २ लाख ५ हजार व्याज.

काकूंना पटवायला वहीच कामी आली. त्यांना वाटत होतं काकांनी कधीच काही विकलं नाही. वहीत २००७ सालच्या दोन विक्रीच्या नोंदी होत्या आणि समोर बारीक अक्षरात ‘चि. प्रवेश फी’. मुलाच्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनला काकांनी शेअर विकले होते. काकूंनी ते पान दोनदा वाचलं आणि मग विचारलं, “कधी विकायचे?”

निर्णय तिसरा : मार्च की एप्रिल

तेरा लाखांसाठी बँकेचे सुमारे ७२० शेअर काढायचे होते. सूट दर आर्थिक वर्षाला सव्वा लाखाची, म्हणून निम्मे मार्चमध्ये आणि निम्मे एप्रिलमध्ये विकले तर ती दोनदा मिळते. वाचणारा कर उपकर धरून जास्तीत जास्त सोळा हजार. मी मुलाला दुसरी बाजूही दाखवली. ३६० शेअर पंधरा दिवस जास्त धरायचे आणि तेवढ्यात भाव दहा टक्के उतरला, तर तोटा पासष्ट हजारांचा. सोळा हजारांसाठी ही जोखीम घ्यायची का? त्याला घ्यावीशी वाटली. काकूंना पैसे त्याच महिन्यात लागणार नव्हते, त्यामुळे मीही हरकत घेतली नाही.

मार्चच्या विक्रीला येस बँकेची साथ मिळाली. ६०० शेअर, खरेदी १ लाख ३२ हजारांची, आता भाव १७ रुपयांच्या घरात. मार्च २०२० मध्ये त्या बँकेवर निर्बंध आले आणि शंभराहून जास्त शेअर असलेल्यांचे पंचाहत्तर टक्के शेअर तीन वर्षांसाठी अडकले. ते मार्च २०२३ मध्ये मोकळे झाले, तरी काकांनी विकले नाहीत. तोट्यात विकायचं म्हणजे चूक मान्य करायची, आणि ते कुणालाच आवडत नाही. आता मात्र त्या १ लाख २० हजारांच्या दीर्घ मुदतीच्या तोट्याला किंमत होती. तो दीर्घ मुदतीच्या नफ्यातूनच वजा होतो आणि सवलतीच्या सव्वा लाखाच्या आधी होतो. हा क्रम ध्यानात न घेता नफा आधीच सव्वा लाखाच्या आत असताना तोटा विकला, तर तोटाही वाया आणि सूटही अर्धवट.

त्यामुळे आम्ही उलट गणित मांडलं. तोटा १.२० आणि सूट १.२५, म्हणजे २ लाख ४५ हजारांपर्यंत नफा करमुक्त घेता येतो. १,८०० च्या भावाला शेअरमागे ६७० नफा धरून ३६० शेअर बसले. ३१ मार्च २०२५ ला रमजान ईदमुळे बाजार बंद होता आणि आधीचे दोन दिवस शनिवार-रविवार, म्हणून विक्री २८ तारखेच्या आत उरकली. त्या वर्षीचा भांडवली कर शून्य.

उरलेले ३६० एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात विकायचे होते. सोमवारी, ७ एप्रिलला, अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धक्क्याने सेन्सेक्स एका दिवसात बावीसशे अंकांहून जास्त कोसळला. सकाळी साडेनऊला मुलाचा फोन, दहाला मुलीचा, तिच्याकडे तर मध्यरात्र. मुलगा म्हणे आता विकायचंच नाही, मुलगी म्हणे आत्ताच्या आत्ता विका. काकूंचा फोन संध्याकाळी आला. त्यांनी पोस्टात योजनेचा अर्ज आणून ठेवला होता, चेक कधी लिहायचा तेवढं त्यांना हवं होतं.

मी सांगितलं की ठरलेली मुदत महिनाअखेरपर्यंतची आहे, भाव काही असला तरी तोपर्यंत विकू, पण आज नको, कारण आज कुणाचंच डोकं ठिकाणावर नाही. १५ तारखेनंतर भाव १,८५० च्या आसपास आला आणि शेअर विकले. वर गेला म्हणून निर्णय बरोबर ठरला असं म्हणायला मी तयार नाही, तो नशिबाचा भाग होता. १,७०० ला विकावे लागले असते तरी योजना तीच राहिली असती, वर्षाचं व्याज चार-साडेचार हजारांनी कमी झालं असतं इतकंच.

या विक्रीवर सतरा हजारांच्या आसपास कर बसला. त्यावर मुलाचा प्रश्न होता, “अर्थसंकल्पात बारा लाखांपर्यंत कर नाही म्हणाले ना?” ती सवलत पगार, निवृत्तिवेतन, व्याज अशा उत्पन्नाला आहे, शेअरच्या भांडवली नफ्याला नाही. हा गैरसमज इतका पसरला आहे की त्या वर्षी तो मला जवळपास प्रत्येक घरात भेटला.

हरतालिकेची संध्याकाळ

२६ ऑगस्ट २०२५. काकूंनी मोबाइलवर ॲप उघडलं आणि एचडीएफसी बँकेचा भाव अर्धा दिसला. समोर लाल अक्षरात पन्नास टक्के घट. उपासाचा दिवस, दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे. त्यांनी मुलाला नव्हे, मला फोन केला. आवाज अगदी बारीक झाला होता.

बँकेने एकास एक बोनस (दर शेअरमागे एक शेअर मोफत) जाहीर केला होता, नोंद तारीख २७ ऑगस्ट. त्या दिवशी गणेश चतुर्थीची सुट्टी, म्हणून भाव आदल्या दिवशीच बोनसविना झाला. बोनसचे शेअर खात्यात दिसेपर्यंत ॲप अर्धंच चित्र दाखवत होतं. सुट्टी संपली, १,२८० चे २,५६० दिसले आणि काकू शांत झाल्या.

मी मात्र वही आणि सीएचा तक्ता पुन्हा काढला, कारण बोनसने कराचं गणित बदललं होतं. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरतात आणि धारण-काळ मिळाल्या दिवसापासून. म्हणजे वर्षाच्या आत विकला तर पूर्ण रकमेवर २० टक्के. जुन्या शेअर्सचं उलट. त्यांची मान्य किंमत सरासरी १,१३० च राहिली आणि बाजारभाव आला हजाराच्या खाली. इथे तोटा दाखवता येत नाही, कारण २०१८ चा भाव विक्रीच्या भावापेक्षा जास्त धरता येत नाही. पण नफाही शून्य. आणि डीमॅटमध्ये आधी आलेला शेअर आधी विकला, असंच धरतात. म्हणजे काहीही खटपट न करता जुने शेअर करमुक्त निघत होते.

सप्टेंबरमध्ये ५२० शेअर ९७० च्या आसपास विकले, पाच लाख आले, कर शून्य. ते बचत योजनेत गेले आणि तिथली रक्कम ३० लाख झाली. आता दर तिमाहीला ६१,५०० जमा होतात. तीन लाखांच्या ठेवीचं व्याज आणि लाभांश त्यात धरला की २६ हजारांची तूट भरून निघते. मुलाचे पंधरा हजार ऑक्टोबरपासून बंद झाले. त्याने ते आईच्या आरोग्य विम्याच्या हप्त्याकडे वळवले, आणि त्याला काकूंनी हरकत घेतली नाही.

आयटीसीला आम्ही हात लावला नाही. जानेवारी २०२५ मध्ये हॉटेल व्यवसाय वेगळा झाला, दर दहा शेअरमागे नव्या कंपनीचा एक, म्हणून १५० शेअर खात्यात आले. मूळ खरेदी किंमत ८६.४९ आणि १३.५१ अशी वाटली जाते. ही टक्केवारी वहीच्या शेवटच्या पानावर मुलाने लिहून ठेवली आहे, कारण दहा वर्षांनी ती शोधत बसायला कुणाला वेळ नसतो.

कागदी शेअर

या भागात पैसा कमी आणि वेळ सर्वाधिक गेला.

पाच कंपन्यांपैकी दोन नव्वदच्या दशकातल्या लीजिंगवाल्या, आता अस्तित्वात नाहीत. ती सर्टिफिकेटं काकूंनी परत पाकिटात ठेवली. तिसरी एक इंजिनिअरिंग कंपनी, शेअर तीन लाखांचे. नॉमिनेशन नसलं तरी एका कंपनीत पाच लाखांपर्यंतचे कागदी शेअर असतील तर कोर्टात न जाता काम होतं. वारसांचं प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, इतर वारसांचं ना-हरकत पत्र, वारस असल्याचा दाखला, केवायसीचे आयएसआर क्रमांकाचे फॉर्म. ऐकायला सोपं आहे. काकू बँकेत मराठीत सही करतात, पॅनवर सही इंग्रजीत. फॉर्मवर बँक मॅनेजरचा सही-शिक्का लागतो आणि मॅनेजर म्हणे ही सही आमच्या रेकॉर्डला जुळत नाही. आधी बँकेतली सही बदलावी लागली, मग फॉर्म. सर्टिफिकेटवर काकांची नुसती आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, म्हणून दोन्ही व्यक्ती एकच असल्याचं आणखी एक प्रतिज्ञापत्र. मुलीचं ना-हरकत पत्र अमेरिकेत नोटरी आणि अपॉस्टिल (परदेशी कागद ग्राह्य ठरवणारा सरकारी शिक्का) करून आलं.

एवढं करून जे हातात पडलं ते शेअर नव्हते, एक पत्र होतं. तेव्हाच्या नियमाने ते १२० दिवसांत डीमॅटसाठी द्यावं लागत होतं, नाहीतर शेअर कंपनीच्या वेगळ्या खात्यात जात आणि पुन्हा अर्ज करावा लागे. काकू त्या वेळी मुलीकडे जायच्या तयारीत होत्या. शेजाऱ्यांनी पाकीट आलं म्हणून सांगितलं नसतं, तर ते दाराच्या आत पडून राहिलं असतं.

चौथी औषध कंपनी. शेअरची विभागणी (स्प्लिट) आणि बोनस होत होत शेअर आठ लाखांचे झालेले, म्हणजे पाच लाखांच्या वर. इथे दिवाणी न्यायालयाचा वारसा दाखला (सक्सेशन सर्टिफिकेट) लागलाच. वकिलांनी अर्जात या एकाच कंपनीचा उल्लेख केला. पाचव्या कंपनीचा लाभांश सलग सात वर्षं कुणी न घेतल्याने शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे गेले आहेत, हे तोवर लक्षात आलं नव्हतं. काकांची बदली झाली तेव्हा पत्ता बदलला नाही, लाभांशाची वॉरंटं जुन्या क्वार्टर्सच्या पत्त्यावर जात राहिली. निधीकडून शेअर परत घ्यायचे तर आधी कंपनीकडे वारसाहक्क सिद्ध करायचा, तिचं पात्रतेचं पत्र घ्यायचं, मग ऑनलाइन दावा. वारसा दाखला ज्या शेअर्सचा उल्लेख त्यात आहे त्यांच्यापुरताच चालतो, म्हणून पाचव्या कंपनीसाठी तो वाढवून घ्यायला पुन्हा तारीख.

वेगळं काय करता आलं असतं

वारसा दाखल्याच्या अर्जाआधी सगळ्या कंपन्यांची यादी पुरी करायला हवी होती. निधीच्या संकेतस्थळावर नावाने शोध घेता येतो. त्याला एक दुपार पुरली असती, न घेतल्याने काही महिने गेले.

एप्रिलच्या विक्रीवरचा सतरा हजार कर बोनसनंतर विकलं असतं तर लागला नसता. मुलाला याची अजून चुटपुट आहे. मला नाही, कारण बोनस १९ जुलैला जाहीर झाला आणि एप्रिलमध्ये तो कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

मात्र एका बाबतीत मुलीचं म्हणणं आम्ही अधिक गंभीरपणे घ्यायला हवं होतं असं मला वाटतं. सप्टेंबरमध्ये जुने शेअर शून्य करात निघत होते तेव्हा ५२० वर थांबायचं कारण नव्हतं. उरलेले ७६० विकून एखाद्या निफ्टी निर्देशांक फंडात, म्हणजे अनेक मोठ्या कंपन्यांत विभागलेल्या गुंतवणुकीत, टाकले असते, तर एका शेअरवरचा भार एका फटक्यात हलका झाला असता. काकूंनी नको म्हटलं आणि कुणी फार रेटलं नाही. त्यांच्याकडे त्या बँकेचे २,०४० शेअर उरले, सप्टेंबर २०२५ च्या भावाने जवळपास वीस लाखांचे. स्थावर मिळकत वगळता एकूण पुंजीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास. पूर्वीच्या निम्म्यापेक्षा बरं, पण कमी नाही.

हाच विषय सध्या घरात चालू आहे. त्या ७६० शेअर्सची सवलत भाव १,१३० च्या खाली आहे तोवरच पूर्ण मिळते, भाव चढला की फरकावर कर सुरू. बोनसचे १,२८० मात्र ऑगस्ट २०२६ संपेपर्यंत हलवायचे नाहीत, आणि त्यानंतरही दरवर्षी सव्वा लाखाच्या सुटीत बसतील एवढेच काढायचे, असं मुलाने वहीत लिहिलं आहे. मुलगी मेमध्ये येणार आहे. औषध कंपनीचे शेअर तोवर काकूंच्या खात्यात आले असतील, निधीकडचा दावा बहुधा नाही.